खळ्यावरची गाडी

आप्पा,

तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्सचं चेंबर फुटलं. जतच्या माळावर, कोरड्या ओढ्यात, ऐन उन्हात, आणि मागच्या सीटवर लशीची पेटी होती. तुम्ही असता तर आधी हेच विचारलं असतं, की दगड दिसला नव्हता का? दिसला होता. तुम्ही शिकवलं तसं मी त्याला दोन्ही चाकांच्या मध्ये घेतलं. पण खालची वाळू भुसभुशीत निघाली, पुढची चाकं खचली, गाडीचं पोट खाली आलं आणि आवाज झाला. मोठा नव्हता. प्लास्टिक फुटल्याचा होता, आणि तुमच्या गाडीच्या पोटाखाली प्लास्टिकचं एकच आहे, म्हणून मला लगेच कळलं. मी जागेवरच इंजिन बंद केलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, रहिमतपूरला आत्याकडे राहून शिकत होते. त्यानंतरचं तुम्हाला काहीच माहीत नाही. मी जनावरांची डॉक्टर झाले. आपल्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नाही, त्यामुळे काळा झगा घातलेला माझा फोटो आई न विचारता पाहुण्यांच्या हातात देते. सध्या मी सांगलीत एका लहानशा संस्थेत काम करते. मेंढपाळांच्या तळावर जायचं, आजारी मेंढरं बघायची, लसी द्यायच्या. संस्थेकडे माळावर चालेल अशी गाडी नाही, आपल्याकडे आहे. महाबळेश्वरच्या ज्या हॉटेलात तुम्ही ड्रायव्हर होता त्याच्या मालकानं नवी घेतली तेव्हा हे परदेशी बनावटीचं जुनं धूड तुम्हाला देऊन टाकलं, कारण क्लच नसलेल्या गाडीला हात लावायला तिथला एकही मिस्त्री तयार नव्हता. तुम्ही ती जतला आणलीत त्या दिवशी अर्धी वस्ती बघायला जमली होती. चुलत्यांनी विचारलं, "मंग डावा पाय करतुया काय?" तुम्ही म्हणालात, "इसावा घेतुया." मी अकरावीला गेले तेव्हा तुम्ही मला हिची दुसरी किल्ली दिलीत. चालवायचा परवाना मिळायला अजून वेळ होता, तरी ती किल्ली मी कंपासपेटीत ठेवून कॉलेजला न्यायची.

तर त्या दिवशीचं. मामाचा तळ माळाच्या पलीकडे पडला होता. शेजारच्या एका कळपात बुळकांडी शिरली होती. नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, हगवण, आणि मग मेंढरू बसतं ते उठत नाही. तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. दोन्ही कळप एकाच तलावावर पाणी पीत होते. मामाचा तळ दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पश्चिमेला, कृष्णाकाठच्या उसाच्या रानांकडे निघणार होता. एकदा ती माणसं चालायला लागली की कुठल्या रानात सापडतील याचा नेम नाही, आणि रोग बरोबर गेला तर वाटेत भेटेल त्या कळपात जाणार. लस त्याच दिवशी टोचायला हवी होती. आणि तळावर लशीचं नाव काढलं की माणसं तोंड फिरवत होती. मागच्या वर्षी कुणीतरी एक माणूस मोटरसायकलवरून पिशवीत लस घेऊन आला, सगळ्या कळपाला टोचून गेला, आणि तरीही रोग आलाच. लस उन्हात नासली होती हे मला कळतं. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की सुई टोचली आणि मेंढरं मेली. तळावर मामाचा एक चुलत सासरा आहे, सगळे त्याचंच ऐकतात. तो मला म्हणाला होता, "सुईनं मेलेली मेंढरं वढून टाकायला तू आली न्हवतीस." मी त्या सगळ्यांना शब्द दिला, की माझी लस बर्फात येईल आणि मी स्वतः घेऊन येईन. मामानं त्या शब्दावर सगळ्यांना कसंबसं राजी केलं होतं. मी त्या दिवशी पोचले नसते तर कळप तसाच गेला असता, आणि पुढं कधी कुणी मला मेंढराजवळ उभं केलं नसतं.

रस्ता दाखवायला मामा घोडीवरून अलीकडच्या एका वस्तीपर्यंत आला होता. घोडी तिथं बांधून तो माझ्या शेजारी बसला. वस्तीची शेवटची घरं मागं पडली, ओढा लागला आणि हे झालं. मामा उतरला, वाकला, वाळूत पसरलेलं काळपट लाल तेल बघून म्हणाला, "रगात गेलं गं पोरी हिचं."

मी पेटीचं झाकण न उघडताच तिच्यावर हात ठेवला. बाहेरून काही कळत नाही, तरी ठेवला. मोबाइलला रेंज नव्हती. वस्तीवरची तरणी माणसं दुचाक्या घेऊन जतच्या बाजाराला गेली होती, ती दिवस मावळल्याशिवाय येत नाहीत. मामा म्हणाला, "पेटी घोडीवर टाकू. घोडी कवा बंद पडत न्हाई." ते अगदी खरं होतं आणि म्हणून मला जास्त भीती वाटली. घोडी चालत जाणार, भर उन्हात, काचेच्या कुप्या तिच्या पाठीवर हिंदकळत. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली असती आणि पेटीत नुसतं कोमट पाणी उरलं असतं. उलट पेटी सावलीत, ओल्या पोत्याखाली ठेवली तर बर्फ टिकेल, आणि गाडी सुरू झाली तर पुढचा रस्ता घटकाभराचा. गाडी सुरू झाली तर. मी मामाला म्हटलं, नवं चेंबर, गाळणी, तेलाचे डबे, सगळं गाडीतच मागं पडलंय. जुनं चेंबर काही महिने पाझरत होतं म्हणून मी लोखंडी मागवून ठेवलं होतं. रविवारी सांगलीत एक गॅरेजवाला त्याचा रॅम्प वापरू देणार होता. "पण हात मी लावणार न्हाई ताई," हेही त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

"आन् हितं मिस्त्री कोन?" मामानं विचारलं.

"मी."

"कवा केलंईस?"

"आप्पांनी केलं तवा बॅटरी मीच धरली हुती."

मामानं पटका काढून कपाळ पुसलं. "मी तुझ्या आईच्या लग्नात बत्ती धरली हुती. म्हनून नवरा झालो व्हय?"

मी हसले, आप्पा. पुढं काय करायचं ते मला क्रमानं आठवत होतं. सगळ्यात आधी गाडी सपाट जागेवर हवी. तेलाची पातळी बाजूच्या भोकातून बघायची असते, गाडी जराशी कलली तरी ती खोटी दिसते. आणि त्या माळावर सपाट असं काही नाही, सगळा उतार आणि खडक. सपाट होतं ते एकच, वस्तीच्या कडेचं खळं. ताजं केलेलं, चोपून, शेणानं सारवून तयार. शाळूची कणसं बाजूला रचून ठेवली होती, एक-दोन दिवसांत मळणी सुरू होणार होती.

खळं ज्या बाईचं होतं ती दारात उभी राहून आमच्याकडेच बघत होती. आईच्या वयाची, कमरेला पदर खोचलेली. गाडी खळ्यावर घेऊ का, असं मी विचारलं तर तिचा आधी विश्वासच बसेना. "खळ्यावर आमी वहाना घालून जात न्हाई, आन् तू गाडी नेतीस? त्याल सांडलं म्हंजी? शाळूला वास लागला तर ती भाकरी तू खाशील?" मी म्हटलं, "मावशी, मेंढरं मरतील." ती म्हणाली, "कुनाची?" मी मामाकडे बोट केलं, आणि मग तिच्या घरामागच्या कुडाकडे केलं, तिथं तिचीही चार मेंढरं उभी होती. तिचीही त्याच तलावावर जात असणार. ती कुडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वहाना काढ आदी."

तिनंच घरातून एक मोठा फ्लेक्स ओढत आणला, कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा, हात जोडून हसणारा. खळ्यावर अंथरताना म्हणाली, "पडू दे त्याल त्वांडावर. वरीसभरात काय तरी उपेगाला आला." खळ्याच्या मधला तिवड्याचा खांब मामानं उपटून बाजूला ठेवला. मी फोर-व्हीलचा छोटा दांडा न्यूट्रलला टाकला, चाकं मोकळी झाली, आणि वस्तीवरच्या बायका, दोन म्हातारे आणि मामा असे सगळे मागून लागले. त्या बायकांनी गाडी ओढ्यातून वर काढली, आप्पा. एक जण म्हणत होती, "डाक्टरीणबाई, पुढल्या टायमाला मेंढरंच हिकडं आना गं." मावशीच्या ताटात पाणी ओतून ते मी गाडीच्या फूटबोर्डवर ठेवलं. पाणी कुठल्याच काठाकडे गेलं नाही. लशीची पेटी लिंबाखाली ठेवली, वर पोतं, पोत्यावर पाणी. मावशी म्हणाली, "एवडंच पानी. टँकर परवा येनार हाय." मी अनवाणी, पाठीवर सरकत, पुढाऱ्याच्या तोंडावरून गाडीखाली गेले.

खाली गेल्यावर सगळं जवळ येतं. सायलेन्सरची धग गालाला लागते. फुटलेल्या चेंबरमधून अजून थेंब येत आहेत, खाली घमेलं. मी बोल्ट सोडायला लागते आणि मला तुमच्या हॉटेलचं मागचं आवार दिसायला लागतं. पाऊस पत्र्यावर असा कोसळतोय की बोलायला ओरडावं लागतं. तुम्ही गाडीखाली आहात, मी उकिडवी बसून बॅटरी धरली आहे, आणि शेवटी तुम्ही पाना माझ्या हातात देता. मी मोठ्या उत्साहानं एका टोकापासून बोल्ट आवळत सुटते. तुम्ही पाना काढून घेता. "समोरासमोर आवळ. एक हितला, एक तितला. एका अंगानं वढलंस तर दुसरं अंग उचलतंय. घाई असंल तर वर जा, च्या पी." मला रडू येतं आणि मी वर जात नाही. तुम्हीही चहाचं पुन्हा काढत नाही.

खळ्यावर मी समोरासमोरचे बोल्ट सोडले. जुनं चेंबर खाली आलं तसं उरलेलं तेल माझ्या बाहीवर आलं. चेंबरच्या तळाला लोहचुंबकं असतात, त्यांना गाळ धरलेला होता. हा क्षण सगळ्यात वाईट. गाळात लोखंडाचे कण लागले तर आत गिअरबॉक्स खाल्ला गेलाय, मग नवं चेंबर लावा नाहीतर सोन्याचं लावा, गाडी इथंच राहणार. मी गाळ बोटांत घेऊन चोळला. मऊ होता. भिजवलेल्या मेंदीसारखा मऊ. पुन्हा चोळला. बाहेरून मामा ओरडला, "काय झालं गं?" मी म्हटलं, "बरी हाय." गाळणी बसवली, चुंबकं पुसून नव्या चेंबरमध्ये ठेवली, पॅकिंग लावलं आणि बोल्ट समोरासमोर आवळत आणले. या सगळ्यात ऊन लिंबाच्या बुंध्यापर्यंत आलं होतं. मामानं न सांगता पेटी सावलीत सरकवली.

तेल भरायची वेळ आली तेव्हा मावशी घरातून एक कॅन घेऊन आली. ट्रॅक्टरचं नव्वद नंबरचं तेल. "हे बी घे. आमच्या जीपला आन् ट्रॅक्टरला हेच चालतंय." मी म्हटलं, "मावशी, हिला हे न्हाई चालत, हिचं त्याल वायलं." तिला ते आवडलं नाही. दिलेलं कुणी परत केलं की आपल्याकडे कुणालाच आवडत नाही. मी आमचं तेल हातपंपानं मारायला लागले, बाजूच्या भोकातून बाहेर ठिबकेपर्यंत. मग गाडी सुरू करायची, ब्रेकवर पाय ठेवून दांडा सगळ्या खाचांतून हळूहळू फिरवायचा. तसं केलं की तेल आतल्या भागात ओढलं जातं आणि पातळी उतरते. मग इंजिन चालू असतानाच पुन्हा भरायचं. आणि हे सगळं तेल चाळीस अंशांच्या आसपास असताना. थंड असताना भरलं तर जास्त होतं, कढत असताना भरलं तर कमी.

माझ्याकडे तापमान बघायला एकच वस्तू होती, मेंढरांचा थर्मामीटर. त्याचं टोक मी लोखंडी चेंबरला टेकवून बोटानं दाबून धरलं. मामा खळ्यावर आडवा होऊन खाली डोकावत होता.

"गाडीला ताप हाय का?"

"एकोनचाळीस. मेंढराच्या अंगाएवढं."

"मंग आपल्यातलीच की." तो मागं बायकांना ओरडून म्हणाला, "मेंढरू हाय म्हनती, मेंढरू!"

मी दुसरा डबा उघडेपर्यंत, पंपाची नळी निसटली ती पुन्हा बसवेपर्यंत इंजिन चालूच होतं. थर्मामीटर चेंबरला लावला तर आकडा आलाच नाही. त्याची मजल मेंढराच्या तापापर्यंतच, त्यावर गेलं की तो बोलणं बंद करतो. तेल तापलं होतं. म्हणजे आता गाडी बंद करून ते निवेपर्यंत थांबायचं. तिकडे लिंबाखाली बर्फाचं पाणी होत होतं आणि इकडे मला तेल थंड व्हायची वाट बघायची होती. त्याच उन्हात, त्याच वाऱ्यात.

मामा आता हसत नव्हता. "वतलंय की रग्गड. मार झाकन. कमी पडू नगं असं वाटत असंल तर वर आनखी दोन घोट वत. जास्ती झाल्यानं कुनाचं काय बिघडलंय?"

हेच तुम्ही केलं होतं, आप्पा. त्या पावसाळी दिवसाच्या आधी, पहिल्या खेपेला, कुणाला न विचारता. आपल्याकडे टँकर आला की हंडा, कळशी, बादली, पातेली, पेला सगळं काठोकाठ भरायचं, सांडलं तरी चालेल पण कमी नको. तुम्ही गिअरबॉक्सही तसाच भरला, मावेल तेवढा. मी सुट्टीला आलेली, पुढच्या सीटवर. वाईच्या घाटात धुकं दाटलेलं, मागं गाड्यांची रांग, आणि पोटाखालून पांढरा धूर यायला लागला. जास्तीचं तेल फेसाळून हवा जायच्या नळीतून उडून तापलेल्या सायलेन्सरवर पडत होतं. वळणावर गाडीनं ओढ सोडली. तुम्ही हँडब्रेक ओढून उतरलात, मागच्या चाकाला दगड लावलात आणि धुक्यात उभे राहून येणाऱ्या गाड्यांना हात करत होतात. तुमचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसता हात वरखाली. मला वाटलं, मागून एखादी गाडी येईल आणि तो हात दिसायचा बंद होईल. नंतर, सगळं निस्तरल्यावर, तुम्ही म्हणालात, "आपल्याला भरायचं ठावं हाय. थांबायचं ठावं न्हाई." मग तुम्ही हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेलात, तिथला आचारी स्ट्रॉबेरीच्या जॅमसाठी लांब थर्मामीटर वापरायचा, तो मागायला. भट्टीवर मोठं पातेलं रटरटत होतं, सगळ्या खोलीला साखरेचा वास. आचारी म्हणाला, "गाडीला लावून आनल्यावर माझ्या जॅममधी घालू व्हय तो?" तुम्ही तो मिळवलातच. परत दिलात तेव्हा त्यानं तो दोन दिवस राखेनं घासला आणि तुमच्याशी बोलला नाही.

मी मामाला म्हटलं, "न्हाई. थांबायचं."

"मेंढरं थांबतील व्हय?"

"थांबायचं, मामा."

मी त्याच्याशी अशी कधी बोलले नव्हते. तो उठून लिंबाखाली जाऊन बसला, पेटीला पाठ लावून, माझ्याकडे न बघता.  मला वाटत होतं, सगळ्यांना माझं शिक्षण दिसतंय आणि त्याचा उपयोग दिसत नाहीये. घोडीवर पेटी टाकली असती तर एव्हाना ती निम्म्या वाटेत असती. मी पन्नासदा स्वतःला विचारलं, की मी गाडी निवडली ती लशीसाठी, की ती तुमची म्हणून?  मग मावशी आली, हातात भरलेली कळशी. फाटकं धोतर भिजवून माझ्याकडे फेकत म्हणाली, "चेंबरला गुंडाळ. मानसाला ताप आल्यावर काय करतीस?" मी म्हटलं, "मावशी, पानी..." ती म्हणाली, "आयतु, आयतु," म्हणजे असू दे, चालेल, आपल्याकडे रागाला आणि मायेला दोन्हीला कानडी येतं.

ओलं धोतर वाळत होतं, मी पुन्हा भिजवत होते. थर्मामीटर बराच वेळ मुका राहिला आणि मग त्यानं बेचाळीस दाखवलं. मी चढले, गाडी सुरू केली, दांडा सगळ्या खाचांतून फिरवला, उतरले, खाली गेले, पंप मारला. भोकातून आधी काहीच येईना. मग थेंब. मग सुताएवढी बारीक धार. मी बोल्ट लावला आणि आवळला. दोन्ही कोपरं पुढाऱ्याच्या कपाळावर टेकून थोडा वेळ तशीच पडून राहिले. वर चढून दांडा पुढं टाकला तर गाडी हललीच नाही. इंजिन नुसतं घरघरतंय, मामा दारात उभा, एक पाय आत, एक बाहेर.  मग पोटाखालून एक मऊ धक्का आला आणि गाडीनं ओढ घेतली.

निघताना मावशी आमच्याकडे बघतही नव्हती. फ्लेक्स उचलून ती खळ्यावर वाकून डाग शोधत होती. एक सापडला, तिनं तो खुरप्यानं खरवडून काढला.

तळावर पोचलो तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडून ठेवली होती, माणसं उभी. म्हातारा सगळ्यांच्या पुढं, काठीवर दोन्ही हात. मी त्यांच्यासमोरच पेटी उघडली. बर्फाचे तुकडे पाण्यावर तरंगत होते, बोराएवढे. आतल्या थर्मामीटरवर नऊचा आकडा होता. आठच्या वर जायला नको. त्या सगळ्या माळावर तो आकडा वाचता येणारी आणि त्याचा अर्थ कळणारी मी एकटी होते. झाकण लावून सुई काढली असती तर कुणी काही विचारलं नसतं. उलट सगळे खूष झाले असते. मी मामाकडे पाहिलं; दिवसभर माझ्याबरोबर घामानं भिजलेला, त्याला आता एवढंच हवं होतं की मी सुरू करावं.

मी म्हटलं, "आठच्या खाली पायजे. नऊ हाय. बर्फ अजून हाय, त्यापायी आत्ताच चढलं असनार, लस लागू पडंल असं मला वाटतंय. पन खात्री देत न्हाई. टोचायची का न्हाई ते तुमी सांगा."

 मामानं डोळे मिटून घेतले. एका कोकराला कुठंतरी आई सापडत नव्हती, तेवढाच आवाज. म्हाताऱ्यानं विचारलं, "वाटतंय म्हंजी किती वाटतंय?"

"मेंढरं माझी असती तर टोचली असती."

"मागल्यानं आकडा सांगितला न्हवता."

"त्याच्यापाशी आकडा न्हवताच, आजा."

त्यानं माझ्या तेलानं काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं. मग काठी टाकून वाघरीत शिरला आणि एक मेंढी मानेला धरून बाहेर ओढली. "ही माझी. हिला पैली टोच. मेली तर तुझ्या दारात आनून टाकीन."

"टाका," मी म्हटलं.

लस एकदा पाण्यात मिसळली की फार टिकत नाही. मामा आणि त्याचा भाऊ एकेक मेंढरू फटीतून सोडत होते, मी टोचत होते, मामी टोचलेल्याच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढत होती. दिवस बुडायच्या आत शेवटचं मेंढरू पलीकडे गेलं. पहाटे तळ उठला आणि पश्चिमेला चालायला लागला.

तेव्हापासून मी वाट बघते आहे. लस नासली असेल आणि तलावावरून रोग लागला असेल, तर तो याच दिवसांत दिसणार. हे पत्र कुठल्या पत्त्यावर जाणार नाही हे मला कळतं. आईला दाखवलं तर ती रडेल, म्हणून तिलाही नाही. तरी लिहिलं. खरं सांगायचं तर आज सकाळी मामाचा फोन आला. मी उचलला नाही. पुन्हा आला, तोही नाही. फोन समोर पालथा ठेवून मी तुम्हाला चेंबरचं, बोल्टचं, तेलाचं एवढं सविस्तर लिहीत बसले.

आत्ता पुन्हा वाजला आणि मी उचलला. मागं घुंगरं, कुत्री, कुणाच्या तरी शेतातलं पंपाचं इंजिन.

"कुटं हुतीस गं?" मामा ओरडला.

"मेंढरं?"

"दोन गेली. टोचायच्या आदीच लागलं असंल त्यास्नी. बाकी चरत्यात. पंधरा दिस झालं, नवी शिंक न्हाई." मग जरा थांबून म्हणाला, "म्हातारा म्हनला, डाक्टरनीला दोन गेल्याचं सांग. दडवू नगं." आणि लगेच, "पन फोन का उचलत न्हवतीस?"

"गाडीखाली हुते," मी म्हटलं.

आप्पा, गाडी सकाळपासून दारात उभी आहे, आणि मी या खुर्चीतून हललेले नाही.